माझ्या वाटणीचा उपास

बोगदा कॅम्प, मंडीच्या पुढं, हिमाचल
३ मार्च १९७४

ती. आक्कास,

बाळासोचा सलाम. येऊन पंधरा दिवस झाले आणि पत्र आत्ता, म्हणून शिव्या घालू नकोस. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला एक पान भरायला अख्खा रविवार लागतो.

इथं डोंगराच्या पोटातनं पाणी न्यायला बोगदा चाललाय. मी ड्रिलवर आहे. कसबा बावड्याचा गुंडू म्हणून एक जण भेटला. मशीनचं पुढलं टोक माझ्याकडं, मागलं त्याच्याकडं. दोघांनी मिळून दगडात भोकं पाडायची, सुरुंग भरणारे वेगळे. थंडी अशी की सकाळी टॉवेल वाळत घातला तर दुपारी फळीसारखा उभा राहतो.

नाताळचं काही डोक्यातनं जात नाही. चर्चमधल्या सगळ्या मंडळीदेखत मी पिऊन प्रभुभोजनाच्या मेजापाशी उभा राहिलो आणि द्राक्षरसाचा पेला हातातनं सुटून तुझ्या पांढऱ्या लुगड्यावर सांडला. मंडळीचे पुढारी म्हणून आकाराम वडिलांनी मला वर्षभर प्रभुभोजन बंद केलं. पुढच्या नाताळपर्यंत थेंब घेतला नाही तर मेजावर परत घेऊ म्हणाले. ते बरोबरच बोलले. पण आई गेल्यावर तू मला वाढवलंस, गावभर लोकांना शास्त्र शिकवत फिरतेस आणि तुझीच मान माझ्यामुळं खाली गेली, हे सलतंय. म्हणून तर एवढ्या लांब पळालो.

खोटं कशाला सांगू, इथं दोन शनिवार झाले आणि दोन्ही शनिवारी प्यालो. नदीकाठी दारूची भट्टी आहे. पगार झाला की सगळे तिकडंच वळतात. मी रोज सकाळी गुडघ्यावर येतो. म्हणतो, देवा, ही तहान उपटून टाक, डॉक्टर दात उपटतो तशी. तो काही उपटत नाही. तू बायबलबाई आहेस, तूच सांग. मी मागतोय तर तो देत का नाही?

तुझा,
बाळासो


कुरुंदवाड
२१ मार्च १९७४

चि. बाळासो यास,

प्रभूच्या नावात तुझ्या आक्काचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन आपल्या शेजारच्या बाबालाल शिंप्याच्या दुकानात ठेवून गेला होता. त्याच्या कुलसुमनं ते माझ्या आधी उलटंपालटं करून बघितलं असणार. तिला वाचता येत नाही, हे देवाचे उपकार.

तू प्यालास हे लिहिलंस, लपवलं नाहीस, त्याचं बरं वाटलं. पण तू देवाला सांगतोस तहान उपट, आणि शनिवारी तुझेच पाय भट्टीकडं जातात. ते पाय देव येऊन धरणार नाही. तो बळ देतो, पाऊल आपलं आपण टाकायचं असतं. ह्या शनिवारी पगार झाला की भट्टीच्या उलट्या दिशेनं चालत सूट. चालता चालता माग. नुसतं मागून होत नाही आणि नुसतं चालूनही होत नाही.

परवा बनाबाईकडं गेले होते. मुलाचा पाय बरा व्हावा म्हणून तिनं वर्षभर मीठ सोडलंय. मी म्हटलं, अगं, देव काय व्यापारी आहे, तू मीठ द्यायचं आणि त्यानं पाय द्यायचा? तर हसून म्हणाली, "साराबाई, तुमचा देव फुकट देतो व्हय?" मी म्हटलं, फुकटच देतो, त्याचीच तर आम्हाला पंचाईत होते.

माझी काळजी करू नकोस. तुझ्यासाठी माझ्याकडून जे होण्यासारखं आहे ते मी करते आहे.

तुझी,
आक्का


बोगदा कॅम्प
५ मे १९७४

ती. आक्कास,

बाळासोचा सलाम. तू सांगितलंस तसं केलं. चार शनिवार उलटा चाललो. वर एक देवदारांची राई आहे, तिथवर जायचं, झाडाला पाठ लावून बसायचं, अंधार पडायच्या आत परत यायचं. पहिल्या शनिवारी अंगात काहीतरी शिरल्यागत झालं, तुला सांगता येत नाही. वाटलं, सुटली. चौथ्या शनिवारी आपण फार भारी माणूस झालोय असं वाटलं. पाचव्या शनिवारी भट्टीत होतो. कसा गेलो ते मला माहीत नाही. गुंडूनं मला उचलून आणलं.

बोगदा दोन्ही अंगांनी खणतात. पलीकडच्या तोंडानं दुसरी टोळी येतेय, मधे अजून पाऊण मैल दगड आहे. जुने लोक म्हणतात, कान लावला तर त्यांचे सुरुंग ऐकू येतात. मी कान लावून बसलो, काही ऐकू आलं नाही. गुंडू म्हणाला, "तुला ऐकू न्हाय आलं म्हणून तिकडची माणसं घरला गेलीत व्हय?" देवाचं असंच काही असेल. पण मला तर माझ्याच मशीनची धडधड ऐकू येते, दुसरं काही नाही. मी किती जोर लावायचा, आणि त्याचा जोर कुठनं सुरू होतो, हे कुणीतरी रेघ मारून दाखवावं.

नाताळचं अवघड दिसतंय, आक्का. तू मंडळीत माझ्याबद्दल काही बोलू नकोस.

तुझा,
बाळासो


कुरुंदवाड
९ जुलै १९७४

बाळासो,

मी कुलसुम. मी सांगते आणि हे लिहितात. हे म्हणत होते कार्डावर बसंल तेवढंच सांग, म्हणून मी आंतरदेशीय आणायला लावलं.

तुझी आक्का जेवत न्हाय. नाताळापासनं एक वेळ खायची, मला वाटलं पोटाचं काहीतरी असंल. मे महिन्यात तुझं पत्र आलं तवापासनं दिवसाआड एक भाकरी. तुला पत्र लिहायला बसते आणि अर्ध्यात झोपते, म्हणून तुला उत्तर न्हाय. लई खोदून विचारलं तवा बोलली. म्हणाली, माझा भाऊ मेजावरनं उठवलेला हाय, तो बाहेर उपाशी असताना मी कशी खाऊ, तो परत बसंपर्यंत त्याच्या वाटणीचा उपास माझा.

आमचा रोजा सांजंला सुटतो, बाळासो. हिचा सुटतच न्हाय. परवा मी कालवण घेऊन गेले. म्हणाली, तूबी माझ्या भावासाठी दुआ कर, आणि भांडं घेऊन जा. मला राग आला, भांडं तिथंच आपटून आले. सकाळी बघते तर मांजर चाटतंय.

घाटावर धुणं धुताना दोनदा खाली बसली. खोकते. तू पितोस का सोडतोस ते तू आणि तुझा खुदा बघून घ्या. हिला जेवायला सांग.

कुलसुम

(बाबालालचा सलाम. तिनं सांगितलं तसंच लिहिलंय. एक शब्द तेवढा गाळलाय, ती शिवी होती.)


बोगदा कॅम्प
२४ जुलै १९७४

ती. आक्कास,

सलाम. आनंदाची गोष्ट सांगायला पत्र लिहितोय. दारू सुटली. जून महिन्यापासनं थेंब नाही. आता वास आला तरी मळमळतं. देवानं केलं. तुझ्या प्रार्थनेला यश आलं, तेव्हा आता तू दोन्ही वेळ पोटभर जेव. दूध घे. अंडं खा. माझी काळजी संपली.

तुझा,
बाळासो


(त्याच दिवशीचं कार्ड)

बाबालालभाईंना सलाम. आक्काला लिहिलंय की माझी दारू सुटली. सुटलेली नाही. पण तिनं जेवावं म्हणून लिहिलं. तुम्ही आणि कुलसुमभाभींनी तोंड उघडू नये. कार्ड फाडून टाका.

बाळासो


कुरुंदवाड
१४ ऑगस्ट १९७४

चि. बाळासो यास,

काय लिहू. पत्र वाचलं आणि तिथंच गुडघे टेकले. रविवारी ते मंडळीत वाचून दाखवलं. आकाराम वडिलांनी डोळे पुसले. नाताळला पेला तुझ्या हातनं सांडला तेव्हा हेच वडील माझ्याकडं बघायलाही तयार नव्हते. आता म्हणतात, साराबाई, प्रार्थनेला टेकलेले गुडघे असावेत तर असे.

जेवायचं लिहिलंस, ते कुलसुमचं काम दिसतं. तुला कळायला नको होतं, पण कळलं तर कळलं. बाळासो, देव ऐकतो आहे हे डोळ्यांनी दिसल्यावर मी आता हात आखडता घेऊ? सैतान शेवटालाच जोर करतो. नाताळला तू मेजावर बसशील, त्याच भाकरीनं माझा उपास सुटेल. चार महिने राहिले. त्यात काय आहे?

आता बायका माझ्याकडं येऊन बसतात. शालूबाईचा नवराही पिणारा. ती म्हणते, साराबाई, मला तुमची रीत शिकवा.

आणखी एक. वडिलांचा नियम आहे, तुझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाची सही लागेल, की बाळासोनं थेंब घेतलेला नाही. गुंडूची घेऊन पाठव. म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.

तुझी,
आक्का


बोगदा कॅम्प
६ ऑक्टोबर १९७४

ती. आक्कास,

दोन महिने पत्र लिहिलं नाही, कारण सही घ्यायची होती. काल घ्यायला गेलो. गुंडूला सगळं सांगितलं. तुझा उपास, माझं पत्र, वडिलांचा नियम. त्यानं पेन हातात घेतलं. म्हणाला, "करतो की सही. पण कागदावर न्हाय, तुझ्या आक्काच्या तिरडीवर करतोय असं धर."

मी कागद परत घेतला.

आक्का, मी लबाड बोललो. दारू सुटलेली नाही. तुला ते पत्र लिहिलं, चिकटवलं, पेटीत टाकलं आणि तसाच भट्टीवर गेलो. जूनमधे प्यालो, जुलैत प्यालो, तू मंडळीत माझं पत्र वाचत होतीस त्या रविवारी मी दुपारपर्यंत शुद्धीत नव्हतो. मला वाटलं होतं, खोट्यानं का होईना, तुझ्या पोटात भाकरी जाईल. ती पण गेली नाही.

आता माझंही एक ऐकून घे. खरं लिहिलं की मी पडलो, तर तू भाकरी कमी केलीस. खोटं लिहिलं की उठलो, तरी तू वाढवली नाहीस. मग मी करू काय? तू बनाबाईला सांगितलंस देव व्यापारी नाही. आणि तू काय केलंस? तिनं मीठ दिलं, तू भाकरी दिलीस. हा नवस आहे, आक्का. तू माझ्यासाठी देवाला नवस केलास. आणि तो फिटावा म्हणून मला चांगलं व्हायचंय. मला त्याचं ओझं होतं आणि ओझं झालं की मी पितो. तुझ्यामुळं पितो असं म्हणत नाही. मी माझ्यामुळं पितो. पण तुझ्या उपासानं माझा एक घोट कमी झालेला नाही, हे तुला कुणीतरी सांगायला पाहिजे.

हे पत्र मंडळीत वाच. सगळं वाच.

आज प्यालेलो नाही. अक्षर कापतंय ते त्यामुळं.

बाळासो


कुरुंदवाड
२८ ऑक्टोबर १९७४

चि. बाळासो यास,

थोडं थोडं करून तीन दिवसांत हे पत्र लिहिते आहे.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. तू प्यालास त्याचा नाही, आता मंडळीत काय सांगू ह्याचा. मग तो राग कशाचा आहे हे माझं मलाच कळलं आणि फार लाज वाटली.

त्याच संध्याकाळी भाकरी केली. समोर घेऊन बसले. हात उचलेना. वाटलं, आता खाल्लं तर दहा महिने पाण्यात. वाटलं, बायका काय म्हणतील. बाळासो, शालूबाई माझ्या पाया पडते. मी नको नको म्हणते, पण पाय मागं घेत नाही. तुला नदीकाठची भट्टी आहे ना, तशी मला ही घरातल्या घरात लागली होती. मी तुला ऐटीत लिहिलं होतं, पाऊल आपलं आपण टाकायचं. मला तोंडापर्यंत घास नेता येईना.

तेव्हा मागितलं. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. एक घास गिळायचं बळ मागितलं. मग कुलसुमला हाक मारली. तिनं कण्यांची पेज भरवली आणि भरवताना जे बोलली ते बाबालालनं गाळलंच असतं. तीन घास पोटात राहिले, बाकीचं पडलं. पण तीन राहिले.

पत्र मंडळीत वाचायला बाबालालकडून वडिलांकडं पाठवलं होतं. त्यांनी वाचलं नाही. म्हणाले, लोकांची श्रद्धा डळमळेल.

मिरजेच्या डॉक्टरांनी बघितलं. छाती पार खराब झाली आहे म्हणाले, अंगात औषधाला धरायला काही उरलेलं नाही. जमलं तर ये. आणि माझ्यासाठी सोडू नकोस. माझ्यासाठी सोडलीस तर मी गेल्यावर परत धरशील.

तुझी,
आक्का


बोगदा कॅम्प
१२ नोव्हेंबर १९७४

ती. आक्कास,

रजा मिळाली. शनिवारी निघतोय. तुझं पत्र आल्यापासनं आज सहावा दिवस कोरडा आहे. त्याच्यावर काही मांडू नकोस. मी वाटेत प्यालो तरी तू जेव. सातवा दिवस आला तरी जेव, नाही आला तरी जेव.

बाळासो


बोगदा कॅम्प
१९ जानेवारी १९७५

आकाराम वडिलांच्या सेवेशी,

शमुवेल पिराजी, म्हणजे आपला बाळासो, याचा सलाम.

आपलं पत्र मिळालं. मंडळीनं मला माफ केलं आणि ईस्टरला प्रभुभोजनाला बोलावलं, ही आपली मोठी मेहेरबानी. आपण लिहिता की त्या दिवशी उपदेश साराबाईच्या उपासावर होईल. बहिणीनं भुकेनं भाऊ सोडवला, असं सांगाल. मी त्या वेळी उभा राहून साक्ष द्यावी.

वडील, हे करू नका. का ते नीट लिहितो, माझं अक्षर लावून वाचा.

मी २० नोव्हेंबरला पोचलो. आक्का नऊ दिवस जगली. मी चमच्यानं पेज भरवत होतो. ती गिळायची, पोट परत टाकायचं. मी पुसायचो, ती पुन्हा तोंड उघडायची. सोडलं नाही तिनं. उपासाला जेवढा जोर लावला नव्हता तेवढा त्या पेजेला लावला. एका सकाळी मी विचारलं, आक्का, देवानं तुझा उपास ऐकला का नाही? आधी तिनं तोंडातली पेज गिळली. मग म्हणाली, "ऐकला असंल, बाळासो. पण त्यानं मागितला नव्हता."

उपदेश द्यायचाच असेल तर एवढाच द्या.

२९ तारखेला ती गेली, दुसऱ्या दिवशी पुरलं. माती लोटल्यावर मी दिसलो नाही. आपण सगळ्यांना सांगितलंत, भाऊ कुठंतरी रडत असेल, त्याला एकटं सोडा. मी पीत बसलो होतो. तिनं शिवलेला सदरा अंगात होता. तिच्या भुकेनं सुटलेला माणूस तो हाच. इथं परत आल्यावर आणखी दोनदा प्यालो. आज अठरा दिवस झाले, नाही घेतली. उद्याचं सांगता येत नाही.

शनिवारी पगार झाला की मी आणि गुंडू वरच्या वाटेनं जातो, ती लांब पडते. मी चालताना मागत असतो. गुंडू बावड्याच्या बोलीत मला शिव्या घालत असतो, की चल, बसू नकोस. कधी पाठीमागनं कुणी ढकलतंय असं वाटतं, कधी मी एकटाच दगड ओढतोय असं वाटतं. कुठल्या दिवशी देवाचं किती आणि माझं किती, हे मी आता विचारत नाही. दोन्ही दिवशी वाट तीच असते.

मेजाचं राहू द्या. मी खोटी साक्ष देऊन आत येणार नाही. बाहेर बसून ऐकेन.

पण एक काम आहे, ते थांबायचं नाही. बाबालालभाईंचं पत्र आलंय. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून शालूबाईनं एक वेळचं जेवण बंद केलंय. आक्काची रीत म्हणून केलंय. कुलसुमभाभी भांडं घेऊन गेल्या तर तिनं दार लावून घेतलं. आपण ईस्टरला तो उपदेश केलात तर ती दुसऱ्या वेळचंही बंद करेल, आणि तिच्या मागनं आणखी कोण कोण ते देवच जाणे. ह्याच रविवारी तिच्या घरी जा. माझं ऑक्टोबरचं पत्र आपल्याकडं पडून आहे, ते तिला वाचून दाखवा. आणि वाचून उठू नका. तिला ताटं वाढायला लावा, आपण खाली बसा, तिला समोर बसवा, तिचा घास गिळून होईपर्यंत बघत राहा.

आपण पत्रात शेवटी लिहिलंय, बाळासोसाठी वडील मंडळी शुक्रवारी उपास धरून प्रार्थना करणार आहे. प्रार्थना करा. मला तिची गरज आहे, रोज आहे. पण जेवून करा.

आपला,
शमुवेल पिराजी (बाळासो)